वळूतलं दूध

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या टापूतला गवळाऊ जातीचा वळू समोर आला की मी आधी त्याचं तोंड पाहतो. लांबट, अरुंद, कपाळापासून नाकपुडीपर्यंत जवळजवळ एका रेषेत उतरलेलं. गीरचं कपाळ घुमटासारखं फुगीर, एकदा पाहिलं की विसरत नाही. कांकरेजची शिंगं तर दुरूनच नाव सांगतात. गवळाऊपाशी असा एकही दागिना नाही. कपाळ सपाट, डोळे बदामी आणि किंचित तिरपे, शिंगं आखूड, बोथट टोकांची, जरा मागं कललेली. काहींना हे रूप अपुरं वाटतं. माझ्या मते ते जितकं हवं तितकंच आहे.

धडही तसंच. लांब, पण सडपातळ. कातडी सैल, गळकंबळ मोठं, शेपूट मात्र आखूड. उभ्या जनावरापेक्षा चालत्या जनावरात हा बांधा उलगडतो. मराठ्यांच्या फौजांचं सामान याच जातीनं झपाझप वाहिलं असं सांगतात, आणि पाऊल पाहिलं की ते पटतं. नंदागवळी पिढ्यान्‌पिढ्या या गायी वर्ध्याच्या डोंगराळ, झुडपी रानात चारत आले. गुणसूत्र हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी कुठला गोऱ्हा ठेवायचा आणि कुठला ठेचायचा हे ठरवत ठरवत हे जनावर घडवलं. आंध्रातल्या ओंगोलशी हिचं नातं जाणकार जोडतात. ब्राझीलमध्ये नेलोर नावानं जे कळप पसरले, ते मूळचे याच ओंगोलचे.

आता रंग. गाय पांढरीशुभ्र असते. वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या फऱ्यांवर राख फासल्यासारखी करडी छटा. ही राख एकट्या बापाकडून आलेली नसते, पांढऱ्याशुभ्र आईकडूनही आलेली असते. तिच्या अंगात ती आहेच. वर उमटायला नराचं संप्रेरक लागतं, म्हणून तिच्यावर ती दिसत नाही. गायीच्या अंगात न दिसणारी राख, तसंच वळूच्या अंगात न दिसणारं दूध. या जनावराच्या रसग्रहणात मला सगळ्यात गोडी वाटते ती इथं.

कारण वळू पारखायचा तो शेवटी दुधासाठी, आणि दुधाची खूण त्याच्या अंगावर नाही. कास नाही, सड नावापुरते. तरी त्याच्या कालवडींना दूध किती उतरेल याचा निम्मा वारसा तोच देणार. म्हणून वळू घ्यायला गेलेला जाणता माणूस त्याच्याभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, याची आई कुठं बांधली आहे? मग तिची कास पाहतो, सड पाहतो, वेत कितवं ते विचारतो, तिची बहीण असेल तर तिच्याकडेही नजर टाकून येतो. वळू उन्हात तसाच उभा. समीक्षेत ज्याला संदर्भ म्हणतात, तो इथं शेजारच्या दाव्याला बांधलेला असतो.

खाण तशी माती, असं आपण म्हणतो. म्हण अर्धीच खरी आहे. गायबैलांच्या पेशीत गुणसूत्रांच्या 30 जोड्या असतात; बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढं जातं, कुठलं ते ठरलेलं नाही. नुसत्या या वाटणीतून एका वळूची 107 कोटींहून जास्त तऱ्हेची बीजं होऊ शकतात, आणि जोडीतल्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते ती वेगळीच. म्हणून एका बापाची दोन वासरं सारखी निघत नाहीत, आणि चांगल्या आईच्या पोटी एखादा सुमार गोऱ्हा निघाला तर आईला बोल लावण्यात अर्थ नसतो. मेंडेलनं 1866 साली छापलेल्या निबंधातले वाटाणे हिरवे किंवा पिवळे, गोल किंवा सुरकुतलेले होते. दूध तसं नाही. त्यात असंख्य जनुकांचा थोडा थोडा हात असतो, शिवाय चारा, पाणी आणि गवळ्याचा हात. एका कळपातल्या गायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा वारशाचा. गवळाऊ एका वेताला सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते, आणि होल्स्टीनशी तुलना करून तिला हिणवणारे वारशाचा आणि चाऱ्यापाण्याचा हा हिशेब कधी मांडत नाहीत.

(सध्या शहरात ‘ए-टू’ दुधाची चढ्या भावाची बाटली मिळते. बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत 67 व्या जागी प्रोलिन असलं तर ए-टू, हिस्टिडिन असलं तर ए-वन. आपल्या देशी गायी बहुतेक सगळ्या ए-टू. जाहिरातीतल्या आरोग्याच्या दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. गंमत मला वेगळीच वाटते. ज्यानं जन्मात दुधाचा थेंब दिला नाही, त्या वळूच्या रक्ताच्या थेंबावरून त्याच्या लेकींच्या दुधातलं हे एक अक्षर आधीच वाचता येतं.)

गवळाऊकडून दूध आणि ओढकाम अशा दोन कामांची अपेक्षा वर्ध्यातच जोरानं मांडली गेली. 1941 साली इथं गोसेवा संघ उभा राहिला. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने याच कामाला वाहिले आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी ते गेले. या मंडळींचा आग्रह सर्वांगी गायीचा होता. तिचं दूध घराला पुरावं आणि तिचा गोऱ्हा नांगराला चालावा. कल्पना देखणी होती, पण अवघड. निवड दोन गुणांवर करायची म्हटली की प्रत्येक गुणाची चाल मंदावते. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीच्या सरकारी पैदास केंद्रात गवळाऊचा कळप राखला गेला. बाहेर गावोगाव मात्र परदेशी वळूंशी संकराची लाट आली.

संकराच्या पहिल्या पिढीत गवळाऊचं काय राहतं, हेही पाहण्यासारखं आहे. जर्सीचा बाप असेल तर वशिंड बसकं होतं, रंग तपकिरीकडे झुकतो, दूध वाढतं. वासरू नर असेल तर त्याच्या पेशीत एक मजेशीर फाळणी सापडते. पेशीतल्या तंतुकणिका सगळ्या आईच्या, म्हणजे वर्ध्याच्या. वाय गुणसूत्र बापाचं. वशिंडाच्या गुरांचं वाय आणि युरोपी गुरांचं वाय यांचा घाट सूक्ष्मदर्शकाखाली निराळा दिसतो. म्हणजे असा गोऱ्हा गोठ्यात गवळाऊ आईला लुचत असला तरी त्याचा पुरुषवंश समुद्रापलीकडचा. त्याच्या पुढच्या पिढीत तर सगळं विस्कटतं. एकाच आईबापाच्या एका वासराला उंच वशिंड, दुसऱ्याची पाठ सपाट. लांबट तोंड कधी येतं, कधी नाही. पारखी माणूस इथं चाचरतो. त्याला ठाऊक असलेलं व्याकरण या कळपाला लागत नाही.

आणि वळूचा खरा निकाल फार उशिरा लागतो. त्याच्या कालवडी मोठ्या व्हायच्या, गाभण राहायच्या, व्यायच्या. देशी कालवडीची तीन-चार वर्षं यात सहज जातात. मग तिची धार काढून मापायची, आणि तीही एका लेकीची पुरत नाही. या लेकींचा आकडा हाती येतो तेव्हा वळू एकतर थकलेला असतो, नाहीतर गेलेला. म्हणून त्याचं बीज उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, नळकांड्यांत भरून. हल्ली गाय माजावर आली की मोटारसायकलला कॅन अडकवून माणूस येतो, वाफाळत्या तोंडातून चिमट्यानं एक कांडी बाहेर काढतो. कांडीवर बारीक अक्षरांत जात, तारीख आणि वळूचा क्रमांक छापलेला असतो. गोठ्यातला म्हातारा ती डोळ्यांजवळ धरून उलटसुलट करतो, क्रमांक वाचतो, आणि सवयीनं विचारतो, याची माय कुठली?