'कन्याशाळा' : एका शब्दाची चिकित्सा

नांदेड-लातुरात मुलींच्या शाळेस 'कन्याशाळा' म्हणतात; मुलग्यांची शाळा मात्र बहुधा नुसती 'शाळा'च असते. जिला वेगळे नाव द्यावे लागते ती अपवाद मानली जाते, हे भाषेतील तत्त्व येथे समाजासही लागू पडते. तथापि, एवढ्यावरून कन्याशाळेस दोष देणे न्याय्य ठरणार नाही. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी स्वतंत्र शाळा काढली, तेव्हा मुलींना शिक्षणाचे दारच बंद होते. निझामी राजवटीत माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले. मराठी मुलीपुढे उंबरठ्याबरोबर भाषेचाही अडसर होता. १९४८ नंतर भाषेचा अडसर ओसरला. उंबरठ्याचा काही अंशी कन्याशाळेने दूर केला, कारण धास्तावलेले पालक तिच्यावर विश्वास ठेवीत. परंतु सहशिक्षणाचा सराव नसल्यास महाविद्यालयात मुलीला पुन्हा परकेपणा जाणवतो. म्हणून कन्याशाळेची पारख तिच्या विद्यार्थिनी पुढे मिश्र वर्गात किती टिकतात, यावरूनच व्हावी.