१९५७ चा तो पेपर : काय टिकलं, काय पडलं

जड मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी बनतात, यावर काम करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला : '१९५७ चा पेपर वाच.' मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांचा 'सिंथेसिस ऑफ दि एलिमेंट्स इन स्टार्स'. शंभराहून जास्त पानं! त्यामुळे अनेक जण तो न वाचताच संदर्भयादीत टाकतात. तुम्ही वाचा, पण त्यातले दोन युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून.

पहिला टिकला. लोखंडापुढची बहुतेक मूलद्रव्यं न्यूट्रॉन पकडून बनतात. न्यूट्रॉन सावकाश मिळाले तर केंद्रकाला मध्ये बीटा-क्षयाला वेळ मिळतो, ही एस-प्रक्रिया. भराभर मिळाले तर तो मिळत नाही; ही आर-प्रक्रिया. पुरावा काय? मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आलेख बघा. शिखरं जोडीनं येतात : अणुवस्तुमानांक १३० आणि १३८ जवळ, पुन्हा १९५ आणि २०८ जवळ. ८२ किंवा १२६ न्यूट्रॉन असलेली केंद्रकं पुढचा न्यूट्रॉन सहजी घेत नाहीत, म्हणून माल तिथे साचतो. आर-प्रक्रिया त्या संख्येला पोचते तेव्हा प्रोटॉन कमी असतात, म्हणून तिचं शिखर अलीकडे. एका कारणातून सगळ्या जोड्या सुटतात.

दुसरा पडला. आर-प्रक्रिया घडते कुठे? लेखकांनी सुपरनोव्हाकडे बोट दाखवलं. १९३७ मध्ये दिसलेल्या एका सुपरनोव्हाचा उजेड दर ५५ दिवसांनी निम्मा होत होता. कॅलिफोर्नियम-२५४ चं अर्धायुष्यही तेव्हा सुमारे तेवढंच मोजलेलं होतं. आकडे जुळले, पण कारण वेगळं निघालं. तो उजेड निकेल-५६ पासून बनणाऱ्या कोबाल्ट-५६ चा. कोबाल्टचं अर्धायुष्य ७७ दिवस; पण ढग विरळ होतो तशी गॅमा किरणं निसटतात आणि उजेड त्याहून लवकर घटतो.

पुढे १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली आणि तिच्या उजेडात आर-प्रक्रियेच्या खुणा दिसल्या. तरी विश्वातलं सगळं सोनं अशाच टकरींतून आलं का, हा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या मते पेपरची खरी उणीव चुकीचं उत्तर ही नाही. 'कसं बनतं' याला अनेक शिखरांचा आधार होता, 'कुठे बनतं' याला मुख्यतः एका जुळलेल्या आकड्याचा. हा फरक पेपरमध्ये पुरेसा ठसत नाही. तुमच्या संशोधन-प्रस्तावात हे दोन प्रश्न वेगळे लिहा. प्रत्येकाखाली पुरावा मांडा, आणि तोच आकडा दुसऱ्या कशानं येऊ शकतो का, हे आधी स्वतःच तपासा.