टाळकरी आणि प्रश्नावली : यवतच्या भजनी मंडळावरील एका विद्यार्थी-प्रकल्पाच्या निमित्ताने

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की 40-45 किलोमीटरवर दौंड तालुक्यातले यवत लागते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून इथे येते, काळभैरवनाथाच्या मंदिरात विसावते, आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालते. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडकडे निघून जाते. वर्तमानपत्रांतले यवतही तिच्याबरोबर निघून जाते. मागे उरते ते ऊस, गुऱ्हाळे आणि पुणे–दौंड गाडीने रोज कामाला जाणाऱ्यांचे गाव. या गावात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर वर्षभर संध्याकाळी टाळ वाजत असतात. त्याची बातमी होत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो. तिने विषय निवडला होता ‘हौशी गायनवृंद : एक अभ्यास’, आणि वृंद म्हणून आमच्या भागातले एक भजनी मंडळ. हातात आराखडा होता : उद्दिष्टे, गृहीतके, नमुना-निवड आणि शेवटी छापील प्रश्नावली. ‘आपण किती वर्षांपासून गाता?’ ‘गायनामुळे ताणतणाव कमी होतो असे वाटते का?’ पुढे पाच चौकोन. आराखडा नीट टाईप केलेला होता. वाचून मी एवढेच म्हणालो, “पोरी, यात भजन कुठंच नाही.”

मी कुठल्या महाविद्यालयात शिकवत नाही. संतवाङ्मय आणि या तालुक्यातली गाणारी माणसे यांच्या मागे पंचवीसेक वर्षे हिंडलो, त्यातून जे हाती आले तेवढेच माझे शिक्षण. तिच्या आराखड्यावर आम्ही पुढचे काही आठवडे जे बोललो, त्यातून मला आपल्या अभंग-समीक्षेविषयीच काही प्रश्न पडले. ते इथे मांडतो.

नावापासून सुरुवात

‘हौशी’ या शब्दापाशी आम्ही पहिल्यांदा अडलो. हौशी कलावंत म्हणजे पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी गाणारा. या अर्थाने टाळकरी हौशी आहे खरा. पण त्याला विचारा. तो ‘हौस’ म्हणणार नाही, ‘सेवा’ म्हणेल. ‘गायनवृंद’ हाही शब्द त्याला बसत नाही. वृंदाला संचालक असतो, तालीम असते आणि समोर श्रोते असतात. वारकरी भजनात वीणेकरी मध्ये उभा राहतो, टाळकरी दोन्ही बाजूंना, मृदंग मागे-पुढे. जो ऐकायला येतो त्याच्या हातात कुणीतरी टाळ देतो. चुकला तरी चालते. श्रोता वेगळा काढता येत नसेल, तर ‘सादरीकरणाचा परिणाम’ कुणावर मोजायचा?

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या. त्यातली भक्तिसंगीत ही कोटी स्वतंत्र का ठेवावी लागली, हे मंडळात एक संध्याकाळ बसल्यावर कळते. मात्र कोटी बदलतही असते. तेच मंडळ भजन स्पर्धेला जाते तेव्हा समोर परीक्षक असतात, वेळेची मर्यादा असते, एकसारखे फेटे असतात आणि पेटीवर आलापी वाढते. मग ते वृंदगानाच्या जवळ जाते. विद्यार्थिनीने या दोन प्रसंगांची तुलना करायचे ठरवले. आराखड्यातला पहिला खरा प्रश्न तिला इथे सापडला.

परदेशातले एक उदाहरण मी तिला दिले. रूथ फिनेगन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या आपल्याच गावातल्या बिनव्यावसायिक संगीताचा अभ्यास केला आणि 1989 मध्ये ‘द हिडन म्युझिशियन्स’ हे पुस्तक लिहिले. चर्चमधले गायनवृंद, बँडपथके, रॉकचे गट हे सारे टिकते ते खुर्च्या मांडणाऱ्या, चहा करणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या माणसांच्या न दिसणाऱ्या कामावर, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे सतरंजी कोण घालतो, मृदंगाला शाई-कणीक कोण बघतो, पालखीच्या दिवशी पिठल्याचे पातेले कोणाच्या घरून येते, हे प्रश्न संगीताच्या अभ्यासाबाहेरचे मानायचे कारण नाही.

सत्र आणि पंचांग

आराखड्यात क्षेत्रकार्याला जानेवारी ते मार्च ठेवले होते, कारण सत्र एप्रिलमध्ये संपते. भजनाचे वर्ष मात्र वेगळे चालते. आषाढात वारी, श्रावणात पोथी आणि सप्ताह, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा, फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. मधल्या एकादश्या आहेतच. जानेवारी ते मार्च हा आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम. शेतीची वीज रात्रीची असेल तर टाळकरी भजन अर्धे टाकून मोटार चालू करायला जातो. कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यांत पाळी करणारा दर आठवड्याला येऊ शकत नाही. ‘उपस्थिती अनियमित’ अशी नोंद करून निष्कर्ष काढला असता, तर तो विजेच्या वेळापत्रकाविषयीचा निष्कर्ष ठरला असता.

तिला तारखा बदलता येत नव्हत्या. म्हणून तिने विषय आवळला. वर्षभराचे भजन सोडून दोन एकादश्या, तुकाराम बीज आणि एक स्पर्धा, एवढेच घेतले. छोट्या प्रकल्पाने छोटे राहावे, यात कमीपणा नाही.

छापलेला अभंग, म्हटलेला अभंग

आता मूळ मुद्दा. आपली अभंग-समीक्षा बहुतांशी छापील पानावर उभी आहे. तिला तशी कारणेही आहेत. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून 1869 ते 1873 या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा सिद्ध केली. 1950 साली मुंबई सरकारने तिच्या आधारे गाथा पुन्हा छापली. सुमारे साडेचार हजार अभंग हाताशी आले. पाठभेद, कालक्रम, प्रक्षेप यांची चर्चा त्यामुळेच शक्य झाली.

पण मंडळ साडेचार हजार अभंग म्हणत नाही. ते निवडते. भजनी मालिकेचा ठरलेला क्रम असतो : आधी नामघोष, मग रूपाचे अभंग, मग प्रसंगानुसार, शेवटाकडे गौळण. त्या चौकटीत कोणता अभंग घ्यायचा, कोणते चरण गाळायचे, कोणत्या चरणावर थांबून तो दहादा घोळवायचा, हे गाणारा ठरवतो. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला भजनी ठेक्याच्या आठ मात्रा दुप्पट होतात, टाळ उसळतात आणि तो एकच चरण साऱ्या अभंगाचा अर्थ होऊन बसतो. दुसऱ्या मंडळात त्याच अभंगाचा दुसराच चरण घोळवला जातो. ही अर्थनिर्णयाचीच क्रिया आहे. लेख लिहून जे समीक्षक करतो ते टाळकरी पुनरावृत्तीतून करतो. आपण त्याची नोंद ठेवलेली नाही, एवढेच.

म्हणून मी विद्यार्थिनीला प्रश्नावलीऐवजी एक साधा तक्ता करायला सांगितले : अभंग, म्हटलेले चरण, गाळलेले चरण, प्रत्येकाची आवर्तने, लय कुठे वाढली, कुणी वाढवली. पहिल्या एकादशीची ध्वनिमुद्रणे ऐकत तिने तो भरला. एका अभंगातले नेमके कठोर चरण दर वेळी गाळले जातात, हे तिच्या लक्षात आले. ते विसरले गेले आहेत की टाळले जातात? हे चौकोनात खूण करून कळत नाही. विचारावे लागते, आणि विचारण्याआधी बरेच दिवस टाळ धरून बसावे लागते.

छंदाचाही संबंध आहे. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात; छोट्याच्या चरणात साधारण आठ. ही मापे आपण कवितेची म्हणून शिकतो, पण ती श्वासाचीही आहेत. स्वीडनमध्ये ब्यर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी 2013 साली तरुण गायकांवर केलेल्या प्रयोगात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीने कमी-जास्त होताना दिसले. गाण्याच्या वाक्यरचनेमुळे श्वास एकाच वेळी घेतला जातो, असा त्यांचा उलगडा होता. विद्यार्थिनीला लगेच यंत्रे आणावीशी वाटली. मी म्हटले, यंत्रे नकोत. आधी कोण कुठल्या अक्षरावर श्वास घेतो ते ऐक. तिला आढळले की जुने टाळकरी सगळे एकदम श्वास घेत नाहीत. एक थांबतो तेव्हा शेजारचा चरण धरून असतो. आवाज तुटत नाही तो त्यामुळे.

ऐकायचे म्हणजे मुद्रण हवे. मोबाईल वीणेकऱ्याच्या पायाशी ठेवला की फक्त टाळ ऐकू येतात. काशाचा आवाज माणसाच्या आवाजावर बसतो. तिने एक फोन म्होरक्याजवळ उंचावर ठेवला आणि दुसरा मंदिराच्या दाराबाहेर. शब्द पहिल्यावर मिळाले, लय दुसऱ्यावर.

माझी चूक

इथे मला माझ्याविषयी सांगायला हवे. वीसेक वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या एका मंडळाचे भजन मी कॅसेटवर घेतले होते. वीणेकरी बुवा सत्तरीचे होते. त्यांच्या वहीत आजोबांच्या हातचे अभंग होते. मी त्यातले काही एका स्मरणिकेत छापले. छापताना गाथेशी ताडून ‘शुद्ध’ केले. जिथे वहीत वेगळा शब्द होता तिथे गाथेतला घातला आणि तळटीप द्यायचीही तसदी घेतली नाही. बुवांचे नाव आभारात एका ओळीत आले. अंक घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो नातवाकडून वाचून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “हे आम्ही म्हणत नाही.” भांडले नाहीत, चहा दिला. पुढच्या सप्ताहाचा निरोप मात्र आला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी बुवा गेले. ती वही कुणाकडे गेली ते घरच्यांना माहीत नाही, आणि माझ्या कॅसेटवर पुढे घरातल्या बारशाचे मुद्रण झाले. त्या घराण्याचा पाठ माझ्या हातून पुसला गेला. मी तो ‘दुरुस्त’ केला होता.

याच पुणे जिल्ह्यात याहून चांगले काम झालेले आहे. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवलेले. संकलन करणाऱ्यांत गरीब डोंगरी संघटनेतल्या खेड्यातल्या बायका होत्या. बाहेरून आलेला विद्वान एकटा टिपत बसला नव्हता. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली. आज हा ठेवा इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. पाठभेद दोष न मानता गाणाऱ्या बाईची मालमत्ता मानला, हे मला त्या कामातले सर्वांत मोठे वाटते.

यावरून आम्ही आराखड्यात तीन अटी लिहिल्या. वहीचा फोटो काढायचा, वही उचलायची नाही. म्हटलेला शब्द जसाच्या तसा लिहायचा. छापील पाठ शेजारी, त्याच्या जागी नव्हे. आणि मुद्रणाची एक प्रत प्रकल्प सादर करण्याआधी मंडळाला द्यायची, पूर्ण ऐकवून.

कोण गात नाही

एक प्रश्न विद्यार्थिनीनेच काढला, मी नाही. मंडळात बायका का नाहीत? गावात महिलांचे हरिपाठ मंडळ आहे. त्या पावली घालत हरिपाठ म्हणतात आणि छान म्हणतात. पण एकादशीच्या भजनात त्या भिंतीशी बसतात. आणि गावातल्या सगळ्या आळ्यांतली माणसे टाळ धरतात का?

इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहिले की एकाच वाटेने, तेच अभंग म्हणत जाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. त्यांना ते सहन झाले नाही. दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ही चालणाऱ्याचे पुस्तक आहे, तिथे लेखकाचे कुतूहल आणि संशय दोन्ही सोबत चालतात. दोन्ही पुस्तके मोलाची. पण दोन्हींत पाहणारा वाटेवरचा आहे. तो पुढच्या मुक्कामाला निघून जातो. भिंतीशी बसलेल्या बाईला पुढच्या एकादशीला पुन्हा भेटता येईल, अशा जागी तो नाही. विद्यार्थिनी त्या जागी आहे; ती तालुक्यातलीच आहे. तिने तो प्रश्न प्रकल्पात ठेवला, मोठ्या आवाजात नाही. तक्त्यात एक रकाना वाढवला : ‘हजर, पण टाळ नाही’.

मार्चअखेर तिने मंदिरात मुद्रण ऐकवले. मंडळी आधी लाजली, मग एकमेकांच्या चुका काढू लागली. गाळलेल्या चरणांविषयी तिने विचारले तेव्हा थोडा वेळ कुणी बोलले नाही. एक तात्या म्हणाले, “ते चरण आमच्या म्हाताऱ्यानं सोडले. आम्ही विचारलं नाही.” भिंतीजवळून एक बाई म्हणाल्या, “आम्हाला येतात की ते.” आणि त्यांनी ते बसल्या जागी म्हटले. मृदंगवाल्याने नकळत ठेका धरला.

प्रकल्प सादर झाला. गुणही बरे मिळाले. अहवालाच्या शेवटी ती दोन पाने जोडली आहेत : गाळलेले चरण, म्हणणाऱ्या बाईंच्या संमतीने आणि त्यांच्या उच्चारासह. मंडळाची प्रत मंदिराच्या कपाटात आहे. कार्तिकातल्या काकड्याला ते चरण म्हटले जातात की नाही, ते पाहायला आम्ही दोघे जाणार आहोत. तिला आता त्याचे गुण मिळायचे नाहीत.