अजिंठ्याच्या नकला

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक बहुधा असे लिहून ठेवीत की, जसे पुस्तक पाहिले तसेच उतरविले. ते शुद्ध असो वा अशुद्ध, दोष आम्हांस लावू नये. ही ढाल चित्राची नक्कल करणारासही पुढे करता येईल काय, हा प्रश्न अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांविषयी विचार करिताना आमच्या मनात वारंवार उभा राहतो.

या नकलांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून कंपनी सरकारच्या आज्ञेने कित्येक वर्षे खपून मोठमोठे पट रंगविले. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाले. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बमनजी आदी विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा आरंभिले. त्यांच्याही पुष्कळ नकला 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या. मुळाचा नाश झाला तरी काही उरावे म्हणून जी नक्कल करावयाची, तीच आधी भस्म व्हावी आणि लेण्यातील मूळ मात्र टिकावे, हा दैवाचा विनोदच होय!

ग्रिफिथ्स यांच्या उरलेल्या नकलांत एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. गिलावा जेथे गळाला होता तेथे तो गळालेलाच त्यांनी पुष्कळ ठिकाणी दाखविला. कल्पनेने भोक बुजविण्याचा मोह आवरला. दोष आहे तो माध्यमाचा. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, त्यावर कोरड्या रंगकामाने काढलेली. नकला मात्र कॅनव्हासवर, तैलरंगात. तेलाची झाक मूळ रंगांत नाही. शिवाय अजिंठ्याचा प्राण रेषेत आहे, आणि कलाशाळेतील हात छायाप्रकाशाच्या पाश्चात्य शिस्तीत वळलेला. उलट 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर आलेल्या नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती तरुण चित्रकारांस रेषेची ओढ उपजतच होती. म्हणजे प्रत्येकाने मुळाशी इमान राखले, परंतु ज्याच्या डोळ्यास जे दिसले तेवढ्याशीच.

आता कोणी म्हणेल, छायाचित्रण इतके पुढे गेल्यावर या जुन्या पटांचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की, आजचे यंत्र आजची भिंत टिपते. दीडशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवरील जो भाग पुढे झडला, त्याचा रंगीत साक्षीदार तो पटच. आणि साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे. दिनदर्शिकांवरील अखंड, गुळगुळीत, गोऱ्यामोऱ्या पद्मपाणीस म्हणूनच आम्ही खोटा साक्षीदार म्हणतो. आमच्या घरांतील मुले त्यालाच अजिंठा समजून वाढतात, आणि लेण्यात गेल्यावर खरा पद्मपाणी पाहून हिरमुसतात!

परंतु सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. नक्कल करिताना रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळी मूळ चित्रांवरच व्हार्निश फासण्यात आले. 1920 नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही रक्षणाच्या हेतूने लाखेचा लेप दिला. हे थर कालांतराने पिवळे पडले, त्यांवर धूळ व काजळी बसली. ते उतरविण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस पुढे अनेक वर्षे झटावे लागले. ज्या पटांच्या सचोटीची आम्ही वर स्तुती केली, त्यांच्यासाठीच मुळाचे रूप बिघडले.

म्हणून पोथीच्या लेखनिकाची ढाल येथे अपुरी पडते. त्याने पोथी उतरविली, तीवर शाई सांडली नाही. चित्राच्या नकलाकाराने जसे पाहिले तसे काढले, एवढे म्हणून भागणार नाही. जसे पाहिले तसेच मागे ठेवून आलो, हेही त्याला म्हणता आले पाहिजे.