दारिद्र्याचें माप आणि मजुरीची वेळ

प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांचा भारतांतील दारिद्र्याविषयींचा इंग्रजी प्रबंध १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास अर्धशतक उलटलें, तरी या विषयाच्या अभ्यासकास तो टाळून पुढें जातां येत नाहीं. दररोज २२५० उष्मांकांचें अन्न मिळण्याइतका खर्च ज्यांस झेपत नाहीं ते दरिद्री, ही कसोटी लावून १९६०-६१ सालीं खेड्यांतील सुमारें एक तृतीयांश व शहरांतील जवळजवळ निम्मीं माणसें तिच्याखालीं होतीं, असें ग्रंथकारांनीं दाखविलें. इतक्या लोकांचें दारिद्र्य आळसानें किंवा पूर्वकर्मानें उलगडत नाहीं. सर्वांस पुरेल इतकी जमीन नाहीं. म्हणून गरिबास काम द्यावें व त्याचा भार सुखवस्तूंनीं उचलावा, हा त्यांचा उपाय.

वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेनें महाराष्ट्रांत हीच वाट धरली. १९७७ च्या कायद्यानें खेड्यांत काम मागणें हा हक्क ठरला. त्याच्या खर्चासाठीं १९७५ सालींच व्यवसाय कर बसला होता. बदलापुराहून रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराच्या पगारांतून कापला जातो, तो हाच कर.

परंतु त्याच बदलापूर गांवाच्या आसपासच्या कातकरी वाड्यांकडे पाहतां ग्रंथाची एक उणीव ध्यानांत येते. कात पाडण्याचा व कोळसा करण्याचा कातकऱ्याचा जुना धंदा जंगलाबरोबर गेला; जमीन बहुतेकांस नव्हतीच. त्यास काम मिळत नाहीं असें नाहीं. त्याचें काम आधींच विकलेलें असतें. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो आणि खोदकामें बहुधा बंद असतात. अशा वेळीं वीटभट्टीचा मालक उचल देतो, व दिवाळीनंतर सबंध कुटुंब ती फेडण्यास भट्टीवर जातें. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली, पण उचलीची गरज राहिली. सरकारी मजुरी लांबली कीं कातकरी पुन्हा मालकाच्याच दारीं उभा राहतो. खर्चाचा आंकडा त्यास किती कमी पडतें तें सांगतो. केव्हां कमी पडतें व ती तूट तो कोणत्या अटींवर भरून काढतो, तें सांगत नाहीं.

सरकारी मदतीनें गरीब आळशी होतो, हा आक्षेप सुशिक्षितांत वरचेवर ऐकूं येतो. उन्हांत खडी फोडून मिळविलेल्या मजुरीस भिक्षा म्हणणें अन्यायाचें आहे. योजनेवर किती रक्कम खर्च झाली, हा प्रश्न दुय्यम होय. ती कष्टकऱ्याच्या हातीं श्रावणांत पडली काय, हा मुख्य. व्यवसाय कर भरणाऱ्या वाचकांनीं हा हिशेब अवश्य विचारावा.