'स्थान' हे ईश्वरनाम आणि सर्वेश्वरवादाचा प्रश्न

ठाण्यातील बेने इस्राएल समाजाच्या, १८७९ मध्ये उभारलेल्या सिनेगॉगचे नाव 'शआर हाशामायिम', म्हणजे स्वर्गाचे द्वार, असे आहे. हे शब्द 'उत्पत्ति' ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील होत. धोंडा उशाला घेऊन उघड्यावर निजलेला याकोब स्वप्नातून जागा होतो. ईश्वर याच ठिकाणी होता आणि आपणास ते ठाऊक नव्हते, हे त्याच्या ध्यानी येते. ज्यू विचारात सर्वेश्वरवाद आहे काय, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करणे सयुक्तिक ठरेल. कारण 'बेरेशीथ रब्बा' या मिद्राशग्रंथात याच अध्यायातील 'माकोम' म्हणजे 'स्थान' या शब्दावर भाष्य आहे. ईश्वरास 'स्थान' का म्हणावे? तर तो विश्वाचे स्थान आहे. विश्व मात्र त्याचे स्थान नव्हे, असा त्याचा आशय आहे.

या आशयातील विषमता महत्त्वाची आहे. ईश्वर आणि विश्व एकच, हे तादात्म्य दोन्ही दिशांनी वाचता येते. आधार आणि आधेय यांचा संबंध तसा उलटविता येत नाही. सोळाव्या शतकात साफेद येथील मोशे कोर्दोव्हेरो (१५२२–१५७०) याने सर्व सत् ईश्वररूप मानले. तरी ईश्वर त्या सर्वात सामावतो, असे मानले नाही. स्पिनोझाचे वेगळेपण केवळ ईश्वराच्या व्यापकतेत शोधणे म्हणूनच अपुरे आहे. १६७७ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'एथिक्स'मध्ये विश्व ईश्वराच्या इच्छेने निर्माण होत नाही, तर त्याच्या स्वरूपातून अनिवार्यपणे निष्पन्न होते. निर्माता आणि आज्ञा देणारा ईश्वर तेथे उरत नाही. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये त्याला बहिष्कृत केले, त्या आदेशात त्याच्या मतांचा तपशील नाही. 'एथिक्स'मधील सिद्धान्त त्या आदेशात वाचणे हा कालविपर्यास होय.

विश्वासाठी ईश्वराने स्वतःचा संकोच केला, ही इसहाक लुरियाची (१५३४–१५७२) कल्पना. लादीच्या श्नेउर झाल्मन याने १७९६ मधील 'तान्या'त हा संकोच शब्दशः घेतला नाही: ईश्वर कोठूनही दूर झालेला नाही, केवळ सृष्टीच्या दृष्टीस तो झाकलेला आहे. मराठी अभ्यासकास येथे मायावादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यावरून तो विश्वाला त्याज्य ठरवीत नाही. उलट भौतिक वस्तूंच्या साहाय्याने केलेले आज्ञापालन हेच ईश्वराला या जगात निवास करून देते, असे मानतो. ज्ञानदेवांच्या चिद्विलासाशी त्याचे साम्य दिसते ते जगास मिथ्या न मानण्यापुरते; कर्तव्याचे आज्ञारूप मात्र तेथे नाही.

तौलनिक समीक्षेला यातून एक सावधगिरी शिकता येते. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनाचा घाट स्वीकारला आणि त्यात बायबलमधील आख्याने लावली. घाट आला म्हणून अद्वैतही आले, असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अप्रमाण आहे. कीर्तन ही रीत आहे, सिद्धान्त नव्हे. सिद्धान्ताची परीक्षा सर्वव्यापकतेच्या भाषेवरून न करता, त्या व्यापकतेत आज्ञा देणारा आणि ती पाळणारा असे दोघे उरतात काय, यावरून करावयास हवी. 'सर्वेश्वरवाद' ही एकच संज्ञा मिद्राश, कोर्दोव्हेरो, स्पिनोझा आणि 'तान्या' यांना सरसकट लावली, तर नेमका हाच प्रश्न विचारावयाचा राहून जातो. याकोबाला जाग आल्यावर ते ठिकाण ईश्वर झाले नाही. ते द्वार झाले.