इलेक्ट्रॉनिक वस्त्रांची परिभाषा : एक चिकित्सा

विज्ञानातील नवे नाव ही पुष्कळदा नुसती खूण नसते; त्या वस्तूविषयीचा एक दावाही त्यात दडलेला असतो. प्रकृतीची नोंद घेणाऱ्या मऊ इलेक्ट्रॉनिक वस्त्रांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. त्यांच्याविषयीच्या लेखनात तीन रूपके वारंवार आढळतात : फलक, त्वचा आणि श्वास. यांपैकी एकही कापडाच्या स्वभावाशी पुरते जुळत नाही.

पहिले रूपक फलकाचे. अटलांटा येथील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सुंदरेसन जयरामन यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकी नौदलाच्या साहाय्याने, १९९६ साली आरंभलेल्या कार्यातून जो सदरा तयार झाला, त्याला 'अंगावरचा मदरबोर्ड' अशा अर्थाचे नाव मिळाले. सैनिकाला गोळी लागल्याचे कळावे म्हणून त्याच्या विणीत प्लॅस्टिकचे प्रकाशवाहक तंतू गुंफलेले होते. हृदयस्पंदनादी नोंदींसाठी संवेदक जोडण्याची सोयही होती. परंतु संगणकातील मदरबोर्ड ताठ असतो. त्यावरील वाहक मार्ग जागचे हलत नाहीत. कापड मात्र अंगाबरोबर वळते, ताणते, चुरगळते. ते फलकासारखे स्थिर राहील, ही अपेक्षा नावानेच निर्माण केली.

येथे मराठीचीही एक उणीव ध्यानात घ्यावी लागते. मागावरचे कापड आणि सुयांवरचा स्वेटर ही दोन्ही मराठीत 'विणली'च जातात. पहिल्यात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात ओलांडतात. असे कापड सहसा फारसे ताणत नाही. दुसऱ्यात धाग्याचे फासे परस्परांत अडकलेले असतात आणि ताण पडताच त्यांचा आकार पालटतो. चांदीचा मुलामा दिलेला धागा अशा फाशांत असेल, तर ताणाबरोबर फाशांचे परस्परस्पर्श बदलतात व विद्युतरोधही बदलतो. श्वासागणिक छातीचा बदलता घेर मोजणाऱ्या पट्ट्यात हा गुण उपयोगी पडतो. हृदयाची विद्युत्-स्पंदने टिपताना तोच दोष ठरतो. 'विणलेले' हा एकच शब्द ठेवला, तर हा भेद विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटतो.

दुसरे रूपक त्वचेचे. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्यांनी पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीवर ७० ते १०० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढविला. ही जाळी अंगावर ठेवून पाण्याचा फवारा मारताच आतील तंतू विरघळतात आणि सोन्याची जाळी त्वचेच्या रेषांत बसते. २० व्यक्तींवरील आठवडाभराच्या चाचणीत त्वचेला दाह झाल्याचे आढळले नाही. ही सिद्धी निःसंशय मोलाची आहे. तथापि जी वस्तू घडी घालून ठेवता येत नाही आणि धुऊन पुन्हा नेसता येत नाही, तिला वस्त्र म्हणावे काय? शिवाय २० जणांचा एक आठवडा हा महिनोन्‌महिन्यांच्या वापराचा पुरावा होऊ शकत नाही. 'दुसरी त्वचा' हे शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या मनात कायमच्या वापराचीच कल्पना उभी करतात.

तिसरे रूपक श्वासाचे. आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द म्हणून 'श्वसनक्षम' योजला जातो. वस्तुतः कापड श्वास घेत नाही; ते पाण्याची वाफ आरपार जाऊ देते. बोलीतील मराठी याहून नेमकी आहे. एखाद्या कापडात 'हवा खेळते', एखादे 'घाम टिपते'. हे दोन निराळे गुण आहेत. सुती कापड घाम उत्तम टिपते, पण भिजल्यावर अंगाला चिकटते व त्यात हवा खेळेनाशी होते. 'श्वसनक्षम' या शब्दात दोन्ही गुण एक होऊन जातात. त्यातच संवेदकाला त्वचेचा घट्ट स्पर्श हवा असतो, तर हवेला मोकळीक हवी असते. सदरा सैल केला की नोंदीत हालचालीचा गोंधळ शिरतो. आवळला की घाम कोंडतो. हा विरोध विशेषणाने मिटत नाही. म्हणून एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते, हा आकडा विशेषणासोबत असलाच पाहिजे.

या तीन रूपकांपलीकडे एक चौथा शब्द आहे आणि त्याची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. अखंड नोंद घेण्याच्या क्रियेला मराठीत 'देखरेख' म्हणता येते आणि 'पाळत'ही म्हणता येते. देखरेख ज्याची होते त्याच्या हितासाठी असते. पाळत ठेवणाऱ्याच्या हितासाठी. सदरा तोच, धागा तोच, नोंदही तीच; ती रुग्णाच्या वैद्याकडे जाते की मालकाकडे, यावर शब्द ठरतो. संमतिपत्रात सरसकट 'देखरेख' लिहिणे म्हणजे हा प्रश्न न विचारताच त्याचे उत्तर देणे होय.

परिभाषा घडविणाऱ्याने म्हणून प्रथम कापडाची वीण, वाफेचे मान आणि नोंदीचे गंतव्य विचारावे. नाव त्यानंतर द्यावे.